वसतिगृहातल्या गिझरची कॉइल कोण साफ करणार?

परवा रात्री साडेनऊला एका पालकाचा फोन आला. त्यांची मुलगी आपल्या तालुक्याच्या गावात एका मुलींच्या वसतिगृहात राहते, अकरावीला आहे. पहाटे बादलीत रॉड टाकून आंघोळीचं पाणी तापवत होती. पाणी तापलं का बघायला बोटं बुडवली आणि मागे फेकली गेली. पायात रबरी चप्पल होती म्हणून वाचली म्हणायचं. कोपर फुटलं, दिवसभर थरथरत होती, आता बरी आहे.

वडील म्हणाले, "दादा, बातमी लावू नका. पोरीला वसतिगृहातून काढतील. पण काहीतरी लिहा."

म्हणून ही पोस्ट. वसतिगृहाचं नाव लिहीत नाही. एक तर त्या बापाला शब्द दिलाय. आणि दुसरं, नाव लिहिलं तर उद्या त्या एका इमारतीत साहेबांच्या गाड्या येतील, फोटो निघतील, आणि तशाच बाकीच्या इमारती आरामात झोपतील.

दुसऱ्या दिवशी मी तिथे गेलो. गृहपाल मॅडमनी आधी नोटीस दाखवली. भिंतीवर चिकटवलेली, लाल पेनाने अधोरेखित. 'खोलीत अगर न्हाणीघरात हीटर रॉड आढळल्यास 200 रुपये दंड व पालकांना बोलावण्यात येईल.' म्हणजे आमची चूक नाही, आम्ही सांगितलं होतं.

मी विचारलं, "गिझर आहेत ना?"
"आहेत की. तीन आहेत."
"चालू?"
"दिवाळीपासून बंद. कॉइल गेली."
"कितव्यांदा?"
मॅडम काही बोलल्या नाहीत. शेजारी उभा असलेला वायरमन हसला. म्हणाला, "साहेब, दर थंडीत जाते. बोअरचं पाणी आहे."

त्याच्याकडून एक गिझर उघडून घेतला. कॉइल दिसतच नव्हती. चुना थापलेली जाड काठी दिसत होती. स्क्रू ड्रायव्हरने टोकरलं तसे पापुद्रे पडले, आणि टाकीच्या तळाला ओंजळभर पांढरी रेव निघाली. बसवल्यापासून हा गिझर एकदाही साफ केलेला नव्हता. वायरमनला विचारलं, तर म्हणाला, "आम्हाला फक्त बदलायचं काम असतं. साफ करायचं काम नसतं."

मित्रांनो, ही सगळी पोस्ट त्या एका वाक्यावर आहे. बदलायचं काम असतं, साफ करायचं काम नसतं.

आता मी स्वतःचं सांगतो. वीसेक वर्षं या तालुक्यात बातमीदारी करतोय. 'पाणी तापवताना विजेचा धक्का लागून मृत्यू' ही बातमी मी किती वेळा लिहिली, मोजलेली नाही. ठरलेला साचा आहे. नाव, वय, गाव, 'हळहळ व्यक्त होत आहे', 'पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद'. चार ओळी, आतल्या पानावर. त्या घरात अर्थिंग होतं का, रॉडवर आयएसआय मार्क होता का, मेन बोर्डात गळती पकडणारं यंत्र होतं का, यातला एकही प्रश्न मी कधी विचारला नाही. पोलीस 'आकस्मिक' म्हणाले, मीही 'आकस्मिक' लिहिलं. तेव्हा या पोस्टमध्ये बोट दाखवतोय ते आधी माझ्याकडेच आहे.

कारण हे आकस्मिक नसतं. हळूहळू साचत असतं. कसं, ते समजून घ्या. शाळेत शिकलेलंच आहे.

आपल्याकडे बोअरचं पाणी जड. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, स्टीलच्या पिंपाला पांढरी कड धरते. त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापलं की कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साईड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे साधा चुनखडीचा थर, मागे राहतो. तो सगळ्यात आधी कुठे बसणार? जिथे सगळ्यात जास्त गरम आहे तिथे. म्हणजे कॉइलवर.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आयएस 10500. त्यात पाण्याची कठीणता लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगली आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालेल असं धरलंय. लक्षात घ्या, 'चालेल' हे पिणाऱ्या माणसासाठी आहे. 600 चं पाणी माणूस पिऊन जगेल, गिझरची कॉइल जगणार नाही.

थर बसला की काय होतं? बहुतेक लोक म्हणतात, वीजबिल वाढतं. ते अर्धवट खरं आहे. रॉड पाण्यातच बुडालेला असतो, त्याची उष्णता शेवटी पाण्यातच जाते, दुसरीकडे जाणार कुठे? खरा धोका वेगळा आहे. आपण जिला कॉइल म्हणतो ती वरची धातूची नळी असते. तिच्या आत नायक्रोमची तार आणि तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साईडची भुकटी ठासून भरलेली. ही भुकटी उष्णता बाहेर जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. वर चुन्याचा थर बसला की उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. नळी आतल्या आत प्रमाणाबाहेर तापते. आज तापते, उद्या तापते, एक दिवस तिला बारीक चीर जाते किंवा भोक पडतं. पाणी आत शिरतं. भुकटी ओली होते. आणि जी वीज तारेत राहायला हवी ती पाण्यात येते.

अशा वेळी दोन गोष्टी माणसाला वाचवतात. एक अर्थिंग. दुसरं आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की क्षणात सप्लाय तोडणारं यंत्र. माणसाच्या बचावासाठी ते 30 मिलिअँपिअरचं लावतात. आपल्या बोर्डातल्या साध्या एमसीबीवर विसंबू नका. एमसीबी जास्त लोड आणि शॉर्टसर्किटसाठी असतो. माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याच्या हिशेबात फारच किरकोळ असतो, त्यामुळे तो पडणारच नाही. माणूस पडेल.

त्या वसतिगृहातला बोर्ड मी उघडून बघितला. आरसीसीबी नव्हता. खोल्यांतल्या सॉकेटला अर्थिंगच्या भोकात वायरच नव्हती, नुसतं भोक. आणि मुली वापरत होत्या तो रॉड 1500 वॅटचा. 230 व्होल्टवर तो साडेसहा अँपिअर ओढतो. सॉकेट कुठलं? 6 अँपिअरचं, तेही एक्स्टेंशन बोर्डवरचं. प्लग बसत नाही म्हणून एकीने दोन वायरी सोलून आगपेटीच्या काड्या खोचलेल्या.

आता सांगा, चूक कुणाची? त्या मुलीची?

सहा वाजता उठून साडेसातच्या कॉलेजला जायचंय. डिसेंबरची थंडी आहे. पाळी आलेली असते, ताप आलेला असतो. गिझर दोन महिने बंद. मग ती आठवडी बाजारातून दोन-अडीचशेचा रॉड आणणार नाही तर काय करणार? आपण तिला गरम पाणी द्यायचं नाही, आणि तिने स्वतः तापवलं तर तिलाच दंड करायचा. गिझर तीन महिने बंद ठेवला म्हणून कुणाला 200 रुपये दंड झालाय का आजवर?

मी संबंधितांशी बोललो. तीन उत्तरं मिळाली. तिन्ही तुमच्यासमोर ठेवतो.

पहिलं उत्तर: "नवीन गिझरचा प्रस्ताव वर पाठवलाय." हे मोठं गमतीचं आहे. जुना गिझर मेला तो पाण्याने. नव्या गिझरला पाणी तेच. म्हणजे नवा आला की पुढच्या दिवाळीला तोही मरणार. पण नवीन खरेदीला निविदा असते, बिल असतं, आणि नशीब असेल तर उद्घाटनाचा नारळही असतो. साफसफाईला यातलं काही नसतं. लिंबूसत्वाच्या पुडीचं उद्घाटन करायला कोण येणार?

दुसरं उत्तर: "देखभालीला निधी नाही." अर्धा किलो लिंबूसत्व किराणा दुकानात दीड-दोनशे रुपयांत मिळतं. गॅस्केट किरकोळ. वायरमनची अर्ध्या दिवसाची मजुरी. तीन गिझर साफ होतात. एका नव्या गिझरच्या किमतीत ही सफाई कित्येक वर्षं चालेल. निधी नाही म्हणू नका. हे काम कुणाच्याच कागदावर नाही असं म्हणा. वसतिगृह म्हणतं, ते बांधकाम खात्याच्या विद्युत शाखेचं काम. शाखा म्हणते, आमच्याकडे तक्रार आली नाही. आणि महावितरणला विचारलं तर ते म्हणतात, मीटरपर्यंत आमचं, मीटरच्या आत ग्राहकाचं. ते त्यांचं खरंच आहे. पण या इमारतीत ग्राहक कोण, हे कुणी सांगत नाही.

तिसरं उत्तर: "पाणीच खराब आहे, आम्ही काय करणार?" पाणी खराब आहे हे माहीत असेल तर उलट दुप्पट काळजी घ्यायला नको? जिथे रस्त्यावर धूळ जास्त तिथला माणूस गाडीचा फिल्टर लवकर साफ करतो. 'धूळच आहे, काय करणार' म्हणून बसत नाही.

आणि हे काम होत नाही असं नाही. आपल्या एसटी स्टँडजवळ चहावाल्याकडे पाणी तापवायचा इलेक्ट्रिक बॉयलर आहे. पाणी त्याच पट्ट्यातलं, तेवढंच जड. मी त्याला विचारलं, कॉइल किती वर्षं झाली? म्हणाला, "चौथं वर्ष. दर अमावस्येला दुकान बंद असतं, तेव्हा धुतो." कसं? रात्री प्लग काढून, बॉयलर थंड करून, लिंबूसत्वाचं पाणी भरून ठेवतो. सकाळी पांढरा चोथा निघतो, चार पाण्याने विसळतो, झालं. तो सातवी शिकलाय. त्याला कुणी शासन निर्णय पाठवलेला नाही. बॉयलर बंद पडला तर त्याचा दिवसाचा धंदा बुडतो, एवढंच त्याला माहीत आहे. गिझर बंद पडला तर साहेबांचं काय बुडतं? काही नाही. त्यांच्या घरी गरम पाणी येतंच.

आपण अमावस्येला गाडीला लिंबू बांधतो. खंडेनवमीला ऑफिसातल्या कॉम्प्युटरला, मोटारीला, अगदी मेन स्विचलाही हळदकुंकू वाहतो. वाहा, माझा विरोध नाही. पण तेच लिंबू वर्षातून दोनदा कॉइलला लावा. त्या देवाला ते जास्त पावेल.

आता ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी पद्धत लिहितो. वायरमनला विचारून, दोन ठिकाणी स्वतः उभा राहून बघून लिहितोय.

गिझरचं काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्या. आधी एमसीबी बंद, आणि टेस्टरने खात्री. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण वायरिंग उलटं असेल तर बटण बंद असूनही वीज असते. मग पाण्याचा कॉक बंद करून टाकी पूर्ण रिकामी करायची. खालची प्लेट उघडून कॉइल बाहेर काढायची. प्लास्टिकच्या बादलीत कोमट पाणी, लिटरला 50 ग्रॅमच्या आसपास लिंबूसत्व, त्यात कॉइलचा धातूचा भाग तीन-चार तास बुडवायचा. वायरी जोडायची बाजू कोरडी राहिली पाहिजे. थर मऊ पडला की प्लास्टिकच्या ब्रशने काढायचा. सुरी, पॉलिश पेपर, हातोडी अजिबात नाही. नळीला चरा पडला की पुढची चीर तिथूनच जाते.

संडासात टाकायचं ॲसिड वापरू नका. थर झटकन निघतो म्हणून बरेच जण वापरतात. त्याने स्टीललाही खड्डे पडतात. आणि कुठलंही ॲसिड ब्लीचिंग पावडरीत मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो, बंद न्हाणीघरात जीव जाईल.

टाकीतली रेव काढा. आत मॅग्नेशियमची एक कांडी असते, ॲनोड म्हणतात. टाकी गंजू नये म्हणून ती स्वतः झिजते. संपत आली असेल तर बदला. सेफ्टी व्हॉल्व्ह चालतो का बघा, कारण चुना तिथेही बसतो, आणि तो जाम झालेला असताना थर्मोस्टॅट बिघडला तर टाकी फुटते. कॉइल परत बसवण्याआधी वायरमनकडून मेगरने तपासून घ्या. रीडिंग खराब आलं तर पैसे वाचवू नका, फेकून द्या. नवी गॅस्केट लावा, टाकी पूर्ण भरा, गरम पाण्याच्या नळाला धार आली की मगच स्विच चालू. कोरड्या टाकीत चालू केलेली कॉइल मिनिटांत जाते.

आणि रॉड. घरोघरी आहे, नको म्हणून कुणी ऐकणार नाही, मलाही माहीत आहे. तर निदान एवढं करा. आयएसआय मार्क असलेलाच घ्या, त्यावर मानकाचा नंबर आयएस 368 असतो. तीन पिनचा प्लग, 16 अँपिअरचं सॉकेट, एक्स्टेंशन नाही. आधी रॉड पाण्यात, खुणेपर्यंत, मग स्विच. पाणी बघायचं तर आधी स्विच बंद, मग प्लग बाहेर, मग हात. लोखंडी बादली नको. वीस लिटरची बादली आंघोळीपुरती तापायला 1500 वॅटच्या रॉडला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ लहान मुलांना न्हाणीघरात सोडू नका. थर दिसायला लागला की प्लग काढलेला रॉड थंड करून लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवा, वरचा प्लास्टिकचा भाग बाहेर ठेवून. नळीला फोड, काळा डाग किंवा चीर दिसली तर तो रॉड कापून टाका. 'अजून तापतोय की' म्हणून कामवाल्या मावशींना देऊ नका.

घरात आरसीसीबी असेल तर त्यावर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. पडला नाही तर तो शोभेचा आहे.

आता मागण्या. आमदार, जिल्हा परिषदेचे अधिकारी, समाजकल्याण, आदिवासी विकास, बांधकाम खात्याची विद्युत शाखा, कुणीही ही पोस्ट वाचत असेल तर हे तुमच्यासाठी आहे.

एक, तालुक्यातल्या प्रत्येक वसतिगृहात, आश्रमशाळेत आणि ग्रामीण रुग्णालयात प्रत्येक गिझरशेजारी एक कार्ड लावा. शेवटची सफाई कोणत्या तारखेला, कुणी केली, सही. अग्निशामक नळकांड्यावर तारीख असते तशी.

दोन, सफाई वर्षातून दोनदा. दिवाळीच्या सुट्टीत एकदा, मे महिन्यात एकदा. इमारत रिकामी असते, कुणाची अडचण नाही.

तीन, न्हाणीघराच्या लाईनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि अर्थिंगची वर्षाला तपासणी, लेखी.

चार, बोअरच्या पाण्याची कठीणता तपासून आकडा नोटीस बोर्डावर लावा. पाणी तपासायची प्रयोगशाळा जिल्ह्यात आहे. सौर बंब घेताना हा आकडा बघून घ्या. जड पाण्यात नळ्यांचा साधा बंब चुन्याने भरतो, तिथे हीट एक्सचेंजरचा लागतो. नाहीतर छपरावर आणखी एक भंगार चढेल.

पाच, ती 200 रुपये दंडाची नोटीस काढा. रॉड बंद करायचाय ना? मग आधी गिझर चालू करा.

आणि पोलीस खात्याला, पत्रकार मित्रांना एक विनंती. वीज कायदा 2003 च्या कलम 161 प्रमाणे विजेच्या अपघातात कुणी दगावलं किंवा जखमी झालं तर विद्युत निरीक्षकाला कळवण्याची आणि चौकशीची तरतूद आहे. पुढची बातमी लिहिताना 'आकस्मिक मृत्यूची नोंद' यावर थांबू नका. निरीक्षकाला कळवलं का, अर्थिंग होतं का, एवढं विचारा. मीही विचारणार आहे.

सोमवारी मी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. प्रश्न साधे आहेत. तालुक्यातल्या शासकीय वसतिगृहांत गेल्या पाच वर्षांत किती गिझर खरेदी केले? त्यातले आज किती चालू? सफाईवर किती खर्च झाला? 30 दिवसांत उत्तर आलं पाहिजे. आलं की इथेच टाकतो. नाही आलं तरी इथेच टाकतो.

तुमची मुलगी, बहीण, भाची कुठल्या वसतिगृहात असेल तर आज रात्री फोन करून एवढंच विचारा, "बाई गं, गिझर चालू आहे का?" नसेल तर मला मेसेज करा. मुलीचं नाव कळवू नका, फक्त इमारत कळवा.

पोस्ट लांबली, माफ करा. त्या बापाला मी 'लिहितो' म्हणालो होतो, लिहिलं. सकाळी त्याच वसतिगृहासमोरून आलो. साडेसहा वाजले होते. तिन्ही गिझर अजून बंदच आहेत. दोन खिडक्यांतून वाफ येत होती.